शाळा केव्हा उघडणार? : महाराष्ट्रातील पालकांच्या प्रतीक्षेचा इतिहास (२०२०-२०२२)

प्रास्ताविक

महामारीचा इतिहास लिहिताना इतिहासकाराचे लक्ष साहजिकच रुग्णालये, स्मशाने आणि शासनाचे हुकूम यांकडे जाते. घराच्या उंबरठ्याच्या आत जे घडते त्याची नोंद क्वचितच होते. कोविड-१९ च्या साथीत महाराष्ट्रातील लक्षावधी घरांमध्ये एकच प्रश्न सुमारे दोन वर्षे विचारला जात होता, आणि तो म्हणजे "शाळा केव्हा उघडणार?" या प्रश्नाला उत्तर मिळत असे, नाही असे नव्हे; परंतु मिळालेले उत्तर टिकत नसे. तारीख जाहीर व्हावी, पालकांनी गणवेश काढून ठेवावा, आणि आदल्या दिवशी किंवा त्याच आठवड्यात ती तारीख मागे घेतली जावी, हा अनुभव एकदा नव्हे, अनेकदा आला. त्या प्रतीक्षेचा क्रमवार वृत्तांत देऊन तिची कारणमीमांसा करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन वर्षांतील निर्णयांवर टीकेचे आसूड ओढणे हा या लेखाचा हेतू नाही. निर्णय घेणाऱ्यांसमोरही अभूतपूर्व संकट उभे होते, याचे भान ठेवूनच पुढील विवेचन वाचावे, ही सुज्ञ वाचकांना विनंती.

पूर्वपीठिका : प्लेगचे दिवस

साथीमुळे शाळा बंद पडण्याचा प्रसंग महाराष्ट्राला नवा नव्हता. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या प्लेगचा उद्भव झाला आणि पुढील काही महिन्यांत तो पुण्यास पोहोचला. माणसे शहर सोडून बाहेर माळावर झोपड्या बांधून राहू लागली. ज्या माउलीने पुण्यात मुलींच्या शिक्षणाचा पाया घातला, त्या सावित्रीबाई फुले यांनी प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करताच १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. धोंडो केशव कर्वे यांच्या अनाथ बालिकाश्रमाला तर प्लेगमुळेच पुणे शहर सोडावे लागले व १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत जाऊन स्थिरावला. महाविद्यालयातील अध्यापन सांभाळून कर्वे पायी हिंगण्यास जात. आज त्या ठिकाणी उभा असलेला स्त्रीशिक्षणाचा वटवृक्ष हा एका अर्थाने साथीने केलेल्या स्थलांतराचे फळ आहे.

त्या काळाने आपल्याला आणखी एक वारसा दिला. प्लेगच्या बंदोबस्तासाठी इंग्रज सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत केला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने कोविडविषयक निर्बंध लागू केले ते याच, एकशे तेवीस वर्षांपूर्वीच्या कायद्याचा आधार घेऊन. कायदा तोच असला तरी काळ मात्र पूर्णतः बदललेला होता. १८९७ साली शाळेत जाणारी मुले समाजात मूठभर होती. २०२० साली शाळा हा जवळजवळ प्रत्येक घराच्या दिनक्रमाचा कणा बनला होता. शाळा बंद होणे म्हणजे घराचे घड्याळच बंद पडणे होते.

पहिला टप्पा : अनिश्चिततेचा प्रारंभ

राज्यातील पहिल्या रुग्णांचे निदान ९ मार्च २०२० रोजी पुण्यात झाले. आठवडाभरातच प्रथम शहरी आणि पाठोपाठ ग्रामीण भागातील शाळा बंद करण्यात आल्या. त्या वेळचे आदेश ३१ मार्चपर्यंतचे होते. पंधरवड्याची सुटी, एवढाच अर्थ बहुतेक पालकांनी घेतला. कित्येक मुलांनी वह्या वर्गातील कपाटातच ठेवल्या. २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्या. दहावीची परीक्षा चालू होती आणि केवळ २३ मार्चचा भूगोलाचा पेपर उरला होता. तो आधी लांबणीवर पडला व एप्रिलमध्ये रद्द झाला. अखेरीस या विषयाचे गुण इतर विषयांच्या सरासरीवरून दिले गेले.

जून उजाडला. मराठी घरात जून म्हणजे पहिला पाऊस, नव्या पुस्तकांचा वास आणि नवे दप्तर. १५ जून २०२० रोजी शासनाने टप्प्याटप्प्याचा आराखडा मांडला. नववी, दहावी व बारावी जुलैपासून, सहावी ते आठवी ऑगस्टपासून आणि तिसरी ते पाचवी सप्टेंबरपासून, असा तो क्रम होता. रुग्णसंख्या वाढत गेली आणि हा आराखडा कागदावरच राहिला. पालकांच्या मनात ज्या तारखांनी घर केले व ज्या उगवल्याच नाहीत, अशा तारखांच्या मालिकेतील हा पहिला मणी होय.

मधल्या काळात 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' हे घोषवाक्य रूढ झाले. त्याच्यामागे प्रामाणिक परिश्रम होते हे मान्य केलेच पाहिजे. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. सोलापूरच्या नीलमनगर भागात शिक्षकांनी घरांच्या बाहेरील भिंतींवर पाठ रंगवले. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर ध्वनिक्षेपकाची 'बोलकी शाळा' फिरू लागली. केंद्र शासनाने 'प्रज्ञाता' या नावाने मार्गदर्शक सूचना काढून लहान मुलांनी पडद्यासमोर किती वेळ बसावे याला मर्यादा घातल्या. तथापि घरात एक भ्रमणध्वनी आणि भावंडे तीन, वडील कामावर जाताना तो भ्रमणध्वनीही घेऊन जाणार, आणि रेंजसाठी मुलाने टेकडी चढायची, ही वस्तुस्थिती कोणत्याही घोषवाक्याने बदलणारी नव्हती.

दुसरा टप्पा : संमतिपत्राचे ओझे

केंद्र शासनाने सप्टेंबर २०२० च्या अखेरीस शाळा उघडण्याचा निर्णय राज्यांवर सोपवला. महाराष्ट्राने दिवाळीनंतरचा मुहूर्त धरला. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून सुरू होतील असे जाहीर झाले, शिक्षकांच्या चाचण्याही झाल्या. मात्र अंतिम निर्णय स्थानिक प्रशासनाकडे देण्यात आला होता. २३ तारखेच्या अगदी तोंडावर मुंबई महापालिकेने आपल्या हद्दीतील शाळा ३१ डिसेंबरपर्यंत बंद राहतील असे सांगितले. पुणे व ठाणे येथेही मुहूर्त पुढे ढकलला गेला. परिणामी एकाच राज्यात, कधीकधी एकाच रस्त्याच्या दोन बाजूंस, एका हद्दीतील शाळा उघडी आणि दुसऱ्या हद्दीतील बंद, असे चित्र दिसले.

याच वेळी पालकांच्या हाती एक नवा कागद आला. तो म्हणजे संमतिपत्र. आपल्या पाल्यास स्वेच्छेने शाळेत पाठवीत आहोत असे लिहून दिल्याखेरीज मुलास वर्गात प्रवेश नव्हता. पालकांच्या इच्छेचा आदर हा त्यामागील हेतू खचितच स्तुत्य होता. परंतु ज्या प्रश्नावर तज्ज्ञांचे एकमत होत नव्हते, त्या प्रश्नाचा निवाडा एका सहीने करण्याची जबाबदारी पानवाल्यावर, शिंपीणबाईंवर, बँकेतील कारकुनावर येऊन पडली. घरात वृद्ध आजी-आजोबा असतील तर ही सही अधिकच जड होत असे. पाठवावे तर आजाराची भीती आणि न पाठवावे तर मूल मागे पडण्याची भीती, अशा कात्रीत पालक सापडले. आरंभी वर्गातील उपस्थिती अल्प राहिली याचे आश्चर्य वाटू नये.

२७ जानेवारी २०२१ रोजी पाचवी ते आठवीचे वर्ग राज्याच्या मोठ्या भागात सुरू झाले; मुंबई त्यातूनही वगळलेली होती. महिनाही पुरा होतो न होतो तोच अमरावती, नागपूर, पुणे या भागांत दुसऱ्या लाटेची चिन्हे दिसू लागली व शाळांची दारे पुनश्च बंद झाली.

परीक्षांचा गुंता

दहावी-बारावीच्या मुलांच्या पालकांची अवस्था सर्वांत बिकट होती. एप्रिल २०२१ मध्ये परीक्षा प्रथम पुढे ढकलली गेली. २० एप्रिलला दहावीची परीक्षा रद्द झाल्याचे जाहीर झाले. बारावीचा निर्णय जूनच्या आरंभी झाला. दहावीचा निकाल नववी व दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनावर लावण्यात आला. १६ जुलै २०२१ रोजी तो जाहीर झाला तेव्हा उत्तीर्णांचे प्रमाण ९९.९५ टक्के होते आणि निकालाचे संकेतस्थळ त्या दिवशी कोलमडले होते. या निकालावर अकरावीचा प्रवेश कसा द्यावा, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी २१ ऑगस्ट रोजी सामाईक प्रवेश परीक्षा ठरली. मुले पुन्हा अभ्यासाला लागली. १० ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती परीक्षा घेण्याचा निर्णय रद्दबातल ठरवला. चार महिन्यांत एकाच मुलाने एका परीक्षेची तयारी करून ती रद्द झालेली पाहिली व दुसरीची तयारी करून तीही रद्द झालेली पाहिली. मुलाला धीर देणाऱ्या आईबापांनी आपला धीर कोठून आणला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

तिसरा टप्पा : ऑगस्ट २०२१ चा आठवडा

या संपूर्ण कालखंडातील पालकांच्या नाराजीचे मर्म जाणून घ्यायचे असेल तर ऑगस्ट २०२१ चा दुसरा आठवडा बारकाईने पाहिला पाहिजे.

जुलैमध्ये कोविडमुक्त गावांतील आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करण्यास अनुमती मिळाली होती. त्याच सुमारास शिक्षण विभागाने पालकांचे मत अजमावले, आणि उत्तर देणाऱ्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक पालकांनी शाळा सुरू करण्याच्या बाजूने कौल दिला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सहा ते सतरा वयोगटातील निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली होती. लहान मुले हा विषाणू मोठ्यांपेक्षा चांगल्या रीतीने हाताळतात, म्हणून शाळा उघडायच्याच असतील तर प्राथमिक शाळांपासून आरंभ करणे योग्य होईल, असे परिषदेचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी २० जुलै रोजी सांगितले होते.

या पार्श्वभूमीवर १० ऑगस्टला शासन निर्णय निघाला. १७ ऑगस्टपासून ग्रामीण भागात पाचवी ते सातवी आणि शहरी भागात आठवी ते बारावीचे वर्ग सुरू व्हावयाचे होते. कोविड कृती दलातील तज्ज्ञांनी तिसऱ्या लाटेचा धोका व मुलांचे लसीकरण झालेले नसणे या कारणांनी त्यास हरकत घेतली. दोनच दिवसांत निर्णय स्थगित झाला. आणि नेमक्या त्याच आठवड्यात उपाहारगृहे रात्री दहापर्यंत चालू ठेवण्यास आणि दोन्ही लसमात्रा घेतलेल्यांना मॉलमध्ये व लोकलगाडीत प्रवेश देण्यास मुभा मिळाली.

कृती दलाचे म्हणणे निराधार नव्हते. एप्रिल-मे २०२१ मध्ये प्राणवायूसाठी झालेली धावाधाव सर्वांच्या डोळ्यांसमोर ताजी होती. लसवंत प्रौढ आणि लस न मिळालेले बालक यांत वैद्यकीयदृष्ट्या फरक करणे समजण्याजोगे होते. तरीही सामान्य पालकाला दिसले ते इतकेच, की समाजाने आपल्या गरजांची जी उतरंड लावली होती तिच्यात शाळा तळाशी होती. रागाचे कारण शाळा बंद असणे हे जितके होते, त्याहून अधिक हा क्रम होता.

शुल्काचा वाद या असंतोषात तेल ओतणारा ठरला. शाळेची इमारत बंद, वाहन बंद, ग्रंथालय बंद, आणि शुल्क मात्र पूर्ण, ही पालकांची तक्रार होती. शुल्कवाढ रोखणारा मे २०२० चा शासन निर्णय न्यायालयात अडकला होता. राजस्थानातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये शुल्कात पंधरा टक्के कपातीचा दंडक घालून दिला, व त्यास अनुसरून १२ ऑगस्ट २०२१ रोजी महाराष्ट्र शासनानेही तशी कपात करण्याचा आदेश काढला. नाण्याची दुसरी बाजूही नमूद करणे आवश्यक आहे. कित्येक लहान विनाअनुदानित शाळांपुढे शिक्षकांचे वेतन द्यायचे कोठून, हा प्रश्न उभा होता. काही शिक्षकांनी भाजीची गाडी लावली, काही शेतावर राबले. पालक आणि शाळा हे एकाच संकटाचे बळी असूनही एकमेकांसमोर फिर्यादी म्हणून उभे राहिले, ही या काळाची शोकांतिका होय.

चौथा टप्पा : उघडले, मिटले, उघडले

अखेर ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागात पाचवी ते बारावी व शहरी भागात आठवी ते बारावीचे वर्ग सुरू झाले. मुंबईतील शाळेची घंटा दीड वर्षाहून अधिक काळानंतर वाजली. योगायोग असा की कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली ती तारीखही ४ ऑक्टोबरच. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने देश होरपळून निघाल्यास तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते.

लहानग्यांची प्रतीक्षा मात्र संपली नव्हती. पहिलीपासूनचे वर्ग १ डिसेंबरपासून सुरू होतील असे जाहीर होते न होते तोच ओमायक्रॉन या नव्या प्रकाराची वार्ता आली. मुंबईने तारीख १५ डिसेंबरवर नेली, पुण्याने १६ डिसेंबरवर.

या ठिकाणी घरातील एक अनुभव सांगण्याचा मोह आवरत नाही. प्रस्तुत लेखकाची नात जून २०२० मध्ये मुंबईत पहिलीत दाखल झाली. दोन वेळा शिवलेला गणवेश अंगावर न चढताच तोकडा झाला. १५ डिसेंबर २०२१ रोजी ती प्रथमच आपल्या शाळेत गेली, तेव्हा ती दुसरीत होती. घरी आल्यावर तिने सांगितलेली पहिली बातमी ही, की "बाई खूप उंच आहेत." दीड वर्ष तिने बाईंचा केवळ चेहरा पाहिला होता, तोही तळहाताएवढा. तीन आठवडेही पुरे झाले नाहीत तोच ३ जानेवारी २०२२ रोजी मुंबईतील पहिली ते नववीचे व अकरावीचे वर्ग महिनाअखेरपर्यंत बंद झाल्याची सूचना आली. त्या रात्री तिने काहीच विचारले नाही. "केव्हा उघडणार?" हा प्रश्नदेखील नाही. मुलाने प्रश्न विचारणे सोडून द्यावे, यापरते मोठे नुकसान शिक्षणात दुसरे कोणते?

८ जानेवारीला राज्यभरातील शाळा १५ फेब्रुवारीपर्यंत बंद ठेवण्याचा आदेश झाला. या वेळी मात्र पालकांचा सूर पालटलेला होता. निवेदने, स्वाक्षरी मोहिमा, संस्थाचालकांचे इशारे व बालरोगतज्ज्ञांची मते यांचा एकत्रित रेटा निर्माण झाला. उपाहारगृहे निम्म्या क्षमतेने का होईना चालू आहेत, मग शाळाच का नाही, हा सवाल उघडपणे विचारला गेला. २० जानेवारी रोजी शासनाने निर्णय फिरवला आणि २४ जानेवारी २०२२ पासून स्थानिक परिस्थिती पाहून शाळा उघडण्यास अनुमती दिली. या दोन वर्षांत मुदतीपूर्वी, लोकमताच्या आग्रहाने, शाळा उघडण्याचा हा ठळक प्रसंग होता. मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा प्रत्यक्ष वर्गात बसून झाल्या. एप्रिल २०२२ च्या आरंभी, गुढीपाडव्याच्या सुमारास, राज्यातील कोविडविषयक सर्व निर्बंध उठले. जून २०२२ मध्ये, २०१९ नंतर प्रथमच, शाळा जूनमध्ये भरली.

कारणमीमांसा

एवढ्या वेळा निर्णय का बदलले? तीन कारणे स्पष्ट दिसतात.

पहिले कारण अधिकाराच्या विभागणीचे. शिक्षण विभाग तारीख जाहीर करी, कृती दल वैद्यकीय मत देई, आणि महापालिका आयुक्त किंवा जिल्हाधिकारी अंतिम आदेश काढीत. स्थानिक परिस्थितीनुसार निर्णय व्हावा हे तत्त्व योग्यच होते. परंतु तीन मुखांनी बोलणाऱ्या व्यवस्थेत पालकाला कोणाचे ऐकावे हे कळेनासे झाले.

दुसरे कारण निकषांच्या अभावाचे. रुग्णसंख्या किती उतरली म्हणजे शाळा उघडेल व किती चढली म्हणजे मिटेल, याचे साधे, सर्वांस ठाऊक असलेले कोष्टक नव्हते. दिनांक मिळत होते, अट कळत नव्हती. दिनांक चुकला की विश्वास ढळतो. अट ठाऊक असली तर माणूस वाट पाहू शकतो.

तिसरे कारण असे, की शाळा व शिक्षक यांना साथीच्या काळात अनेक कामांना जुंपले गेले. गावोगावच्या शाळा विलगीकरण केंद्रे झाल्या. शिक्षक सर्वेक्षणाला, तपासणी नाक्यांवर व शिधावाटपाच्या देखरेखीला गेले. शाळा हा समाजाचा राखीव साठा मानला गेला आणि तिचे स्वतःचे काम सर्वांत शेवटी उरले.

या विलंबाची किंमत पुढे मोजावी लागली. 'असर'च्या २०२२ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, ते २०.५ टक्क्यांवर उतरले. ही मुले अनुत्तीर्ण झाली नाहीत. ती वरच्या वर्गात गेली आणि न वाचता आलेले पान तसेच मागे राहिले.

समारोप

या इतिहासातून एकच निष्कर्ष काढावयाचा तर तो असा. पालकांनी अशक्य काही मागितले नव्हते. जोखीम शून्य असावी असा हट्ट थोड्यांचाच होता. बहुतेकांना हवे होते ते स्पष्ट बोलणे, निर्णयामागील कारण, आणि दिलेल्या शब्दाची शाश्वती. संकटात सत्य कटू असले तरी चालते. ते रोज बदलले तर मात्र माणूस खचतो.

हिंगण्याच्या माळावरील ती झोपडी पुन्हा आठवते. साथ तेव्हाही होती, औषध तेव्हाही हाती नव्हते. परंतु शाळा बंद ठेवावी की उघडावी, या दोनच पर्यायांपाशी कर्वे थांबले नाहीत. शाळा सुरक्षित राहील अशी जागा कोणती, हा प्रश्न त्यांनी विचारला. पुढील साथ केव्हा येईल हे कोणीच सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा मोकळी मैदाने, मंदिरांची प्रांगणे, धर्मशाळा व सभागृहे यांच्या किल्ल्या ज्यांच्या हाती आहेत त्या सर्व संस्थांना हा प्रश्न वेळेवर आठवावा. मुलाने वाट पाहणे सोडून देण्याआधी आपण त्याला उत्तर द्यावे, हीच या पानांमागील सदिच्छा.